पलीकडची खुर्ची

बाईंना शाळेत त्यांच्या नावाने कुणी ओळखत नसे. पोरांनी त्यांना ‘पलीकडच्या बाई’ करून टाकलं होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की शिक्षकांच्या खोलीतल्या त्यांच्या कप्प्यावर कुणीतरी त्याच नावाची चिठ्ठी चिकटवली, तर बाईंनी ती काढलीसुद्धा नाही. नाव पडायचं कारण साधं होतं. वर्गात कुणी काही ठासून सांगायला लागलं, मग तो लढाईचा निकाल असो की खिडकी उघडी ठेवायची की बंद हा रोजचा तंटा असो, बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढत आणि विचारत, “बरं. आणि पलीकडचा काय म्हणतो?”

ही खोड त्यांना वडिलांकडून लागली होती. वडील बेकरीत भट्टीवर होते. रात्रभर पाव भाजायचे आणि दिवसा घरातल्या एकुलत्या एका खोलीत झोपायचे. त्याच खोलीत बाई आणि त्यांची थोरली बहीण कधी रिबिनीवरून, कधी खिडकीजवळच्या जागेवरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. वडील अंथरुणात उठून बसत, भुवयांत पीठ तसंच, आणि खेकसत, “थांबा! धाकटे, तू मोठीचं गाऱ्हाणं सांग. मोठे, तू धाकटीचं. ती ‘हो, असंच’ म्हणाली तर मी ऐकतो. नाहीतर दोघी जिन्यात.” दुसरीचं गाऱ्हाणं तिला पटेल असं सांगता सांगता भांडणातली हवाच निघून जायची. वडिलांना न्यायनिवाडा वगैरे काही करायचा नव्हता. त्यांना झोपायचं होतं.

पुढे कॉलेजात बाईंनी इतिहास घेतला. युरोपातल्या प्रबोधनकाळाबद्दल वाचताना त्यांना कळलं, की इटलीतल्या शहरांमध्ये तेव्हाचे शिक्षक मुलांना एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायला शिकवत. ही युक्ती त्यांनी रोमन वक्त्यांकडून उचलली होती. वाचून बाई ग्रंथालयात मोठ्याने हसल्या होत्या. एवढे मोठे पंडित, आणि करत काय होते? तर बाबा जे करायचे तेच!

प्रबोधनाचा धडा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. पुस्तकात त्या धड्याला चित्रं, पुतळे आणि घुमट एवढंच वाट्याला आलेलं. बाई म्हणत, “चित्रं बघा, पोटभर बघा. पण खरी गंमत वेगळीच आहे. ही माणसं हट्टाला पेटली होती. जुना ग्रंथ काय म्हणतो हे तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही, मूळ पान शोधायचं आणि स्वतः वाचायचं. एका पंडिताने तर पोपच्या सत्तेचा आधार असलेलं जुनं दानपत्र नुसती भाषा तपासून खोटं ठरवलं. आणि दुसरं म्हणजे, ते म्हणाले, माणूस घडून आलेला नसतो, तो घडत जातो. म्हणजे काय?”

“म्हणजे नापास झालेला पास होऊ शकतो,” मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं.

“अगदी तसंच. मग कुणाच्या कपाळावर कायमचा शिक्का मारायचा नाही. आणि मारावासा वाटलाच, तर आधी त्याचं ऐकायचं. राज्यघटना तरी दुसरं काय सांगते रे? सगळ्यांची किंमत सारखी, आणि ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही. हे तिथून इथवर सरळ चालत आलं असं मी म्हणत नाही. मध्ये शतकं गेली, रक्त सांडलं, लाखो लोकांनी भर घातली. पण त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा तो होता.”

आणि त्या थांबत नसत. लगेच सांगत, “आता पलीकडची बाजू. यांतले बरेचजण राजांच्या ताटाखालची मांजरं होते. जो पोसेल त्याची स्तुती. बायकांना, गरिबांना या शहाणपणात जागा जवळपास नव्हतीच. तेही लक्षात ठेवा.”

बाईंच्या वर्गात खिडकीजवळ एक हात मोडलेली खुर्ची होती. ती पलीकडची खुर्ची. वादविवादाच्या तासाला ज्याला जे मत मान्य नाही, तेच मत त्याने आधी त्या खुर्चीत बसून मांडायचं, इतकं चांगलं की ते मत असलेल्याने मान डोलवली पाहिजे. मग उठायचं, आपल्या बाकाशी उभं राहायचं आणि स्वतःचं बोलायचं. खुर्चीतलं बोलणं बोलणाऱ्याच्या माथी मारायचं नाही, हा कायदा वर्गातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. बाहेरच्यांना मात्र तो कुणी कधी सांगितला नव्हता. सांगायची गरज पडेल असं बाईंना वाटलंच नव्हतं, आणि चूक म्हणायची तर ती एवढीच.

त्या दिवशी विषय होता : राजा शहाणा असेल तर घटना कशाला हवी? खुर्चीत बसायची पाळी होती पेन्सिलची. पेन्सिल म्हणजे वर्गातली उंच, काटकुळी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. आदल्या वर्षी हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचत नसे. त्या खुर्चीत ती दरबारी पंडित होऊन बसली आणि असं काही बोलली की बाई खडू हातात धरून ऐकत राहिल्या.

“राज्य म्हणजे घर,” पेन्सिल म्हणाली. “घरात कसले आलेत कायदे? बाप पोरांचं वाईट करील का? नियम हवेत ते परक्यांना. मी तर म्हणते, गुंडाळून ठेवा ती घटना आणि राजाच्या मनाच्या चांगुलपणावर विश्वास टाका!”

टाळ्या पडल्या. पेन्सिल उठली, आपल्या बाकाशी गेली आणि नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, “आता माझं. राजा शहाणा आहे हे ठरवणार कोण? मी म्हणजे तो पंडित. आणि माझं ताट कोण भरतं? राजा. मग मी दुसरं काय सांगणार? म्हणून राजा चांगला असला तरीही कायदा त्याच्या वरच पाहिजे. चांगला असेल तर त्याला अडचण व्हायचं कारण नाही.”

हा दुसरा भाग कुणी टिपला नाही. पहिला मात्र एका पोराने बाकाखालून मोबाइलवर टिपला आणि ‘आमची पेन्सिल पेटली’ म्हणून कौतुकाने मित्रांना पाठवला. कौतुकाचे शब्द वाटेतच गळून पडले. व्हिडिओ दारोदार फिरला, तो ‘गुंडाळून ठेवा ती घटना’ एवढाच. दोन दिवसांत अनोळखी मोठी माणसं, पोराबाळांचे बाप, त्या पोरीला देशद्रोही म्हणत होते. कुणी तिच्या उंचीवर घसरलं, कुणी तिच्या आईवर. हे सगळं घटनेच्या रक्षणासाठी चाललं होतं म्हणे!

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. हे सर वाईट नव्हते. कुणाचाही आवाज चढला की त्यांचं पोट बिघडायचं, एवढंच.

“बाई, बसा. चहा घ्या. हे बघा, अध्यक्ष फार चिडलेत. परवा बैठक ठेवलीय. पण तुमच्यावर काही येणार नाही, मी शब्द टाकलाय. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की मुलीने ते आपल्या मनाने म्हटलं.”

“आणि मुलीचं काय?”

“ती प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागेल. चुकले, माझे विचार वाईट होते, वगैरे. नाहीतर नाव काढावं लागेल शाळेतून. माझा नाइलाज आहे.”

“सर, ते तिचे विचारच नव्हते!”

“मला ठाऊक आहे हो. पण लोकांना कुठे ठाऊक आहे?”

“मग त्यांना सांगा ना!”

सरांनी चहाच्या कपात असं पाहिलं, जणू उत्तर तळाशी बसलंय. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न जाणता शिक्षा करणाऱ्यांना एक वेळ समजून घेता येतं. पण सगळं जाणून, पोरगी निर्दोष आहे हे पक्कं माहीत असून, तिला भर मैदानात ‘माझे विचार वाईट’ म्हणायला लावायचं? जे विचार तिचे नाहीत, त्यांची माफी तिने मागायची, आणि ती कुणाची, तर ज्यांनी तिचं ऐकलंच नाही त्यांची? बाई चहाला न शिवता उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर बाई नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात होत्या, तेव्हा पेन्सिलची आई तिथे येऊन उभी राहिली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, अंगावर अजून पांढरा कोट. काउंटरवर नवरा एका चष्म्याची दांडी बसवत होता. त्याने बाईंना नजरेनेच सांगितलं, सांभाळून.

“बाई, मी स्पष्टच बोलते. पोरगी जेवत नाहीये. फोन काढून घेतलाय मी तिचा, तर शेजारची पोरं जिन्यातून ओरडून सांगतात कोण काय म्हणालं ते. तिला म्हटलं, माफी माग आणि मोकळी हो. तर म्हणते, बाईंना काय वाटेल! तुम्ही तिला सांगा माफी मागायला.”

“तुमचं म्हणणं असं,” बाई सवयीने म्हणाल्या, “की तत्त्वं गेली खड्ड्यात, लेकरू आधी...”

“माझी बाजू मला नका सांगू हो!” आई कडाडली. “मला ती पाठ आहे. आधी पोरगी बोलायची नाही म्हणून मला झोप नव्हती. तुम्ही तिला बोलती केलीत, तर आता झोप नाही ती नाहीच. तुमची मुलगी असती तर?”

बाईंना मुलगी नव्हती. त्यांचा मुलगा मोठा होऊन लांबच्या शहरात नोकरीला लागलेला. पोटच्या पोरीला अशी गर्दीपुढे उभी करायची वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती. नवऱ्याने काउंटरखालून स्टूल ओढलं. “बसा ताई. आमच्याकडे पाणी तरी दोन्ही बाजूंना मिळतं.”

आई बसली. पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, “खरं सांगा. माफी मागितली तर निस्तरेल का?”

बाईंना ‘हो’ म्हणून तिची काळजी मिटवता आली असती. “नाही,” त्या म्हणाल्या. “मग ती ‘माफी मागणारी’ म्हणून ओळखली जाईल. आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. कधीच.”

आईने पेला खाली ठेवला. तिच्या मनातही तेच होतं.

बैठक शाळेच्या कार्यालयाशेजारच्या खोलीत होती. तिथे जाताना दर्शनी भिंतीवर घटनेचं पहिलं पान लागतं. चांगल्या लाकडाच्या चौकटीत, अध्यक्षांनी दिलेलं. देणाऱ्याचं नाव खाली इतक्या ठळक अक्षरात, की लांबून तेवढंच वाचता यावं. त्याखाली ओल्या छत्र्या ठेवायचा स्टँड. पेन्सिलला त्याच्याच बाजूच्या बाकावर बसवलं होतं. गुडघे जवळ घेऊन, वेणीचं टोक चावत.

आत अध्यक्ष, मुख्याध्यापक, पालकांच्या प्रतिनिधी म्हणून लाँड्री चालवणाऱ्या एक काकू, बाई आणि पेन्सिलची आई. अध्यक्षांनी टेबलावर फोन उभा केला आणि तो व्हिडिओ लावला. संपला. पुन्हा लावला.

“आणखी काही बघायची गरज आहे असं मला वाटत नाही,” ते म्हणाले. माणूस गोड बोलणारा, हातरुमालाला अत्तर. “मुलगी लहान आहे. आपण मोठ्या मनाने घेऊ. माफी, आणि विषय संपला.”

“मुलगी कुठाय?” बाईंनी विचारलं.

“बाहेर बसलीय की.”

“तिला आत का नाही बोलावलं?”

“कशाला उगीच? घाबरेल बिचारी.”

“अहो, सुनावणी तिची आहे ना!” बाईंचा आवाज चढला तसे मुख्याध्यापक पोटावर हात ठेवून बसले. “हा तुकडा आहे. कुणीतरी कापलेला, कुणीतरी पाठवलेला, दहा तोंडांतून फिरलेला. तिसऱ्याच्या तोंडून ऐकू नका, मूळ बघा, हे मी आयुष्यभर पोरांना सांगतेय. मूळ बाहेर छत्र्यांशेजारी बसलंय! दोन पावलांवर. दार उघडायलाही जड जातंय तुम्हाला?”

“बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय...”

“भावनेच्याच! यायलाच पाहिजे राग. चोराला विचारतात, बाबा, तुझं काय म्हणणं. आणि या पोरीने केलं काय, तर सांगितलेला अभ्यास चांगला केला!”

लाँड्रीवाल्या काकूंनी घसा खाकरला. “अहो, कपड्यावर डाग असला तर मीसुद्धा गिऱ्हाइकाला विचारते, कशाचा आहे म्हणून. बोलवा की पोरीला.”

कुणी हो-नाही म्हणायच्या आत बाई उठल्या आणि त्यांनीच दार उघडलं. पेन्सिल आत आली. खोलीत रिकामी खुर्ची नव्हती. मुळात तिच्यासाठी ठेवलीच नव्हती. बाईंनी आपली खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पेन्सिलने सांगितलं. खुर्ची म्हणजे काय, पाळी कशी येते, बाकाशी परत जाऊन ती काय म्हणाली. आवाज इतका बारीक की काकूंनी कानामागे हात धरला.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं, निदान ऐकल्यासारखं केलं. मग हसून म्हणाले, “बाळ, ठीक आहे. पण नियमावर बोट ठेवून शाळा चालत नाही. सुनावणी काय, बाजू काय, ही कोर्टातली भाषा झाली. शाळा म्हणजे घर आहे आपलं. घरात कसले आलेत कायदे? मी तुझ्या वडिलांसारखा. तुझं वाईट करीन का? माझ्यावर विश्वास ठेव आणि माफी मागून टाक.”

पेन्सिलने आधी बाईंकडे पाहिलं, मग आईकडे. आणि म्हणाली, “सर, हेच तर मी त्या खुर्चीत बसून म्हणाले होते.”

काकूंना आधी ठसका लागला, मग हसू आवरेना. मुख्याध्यापक टेबलाचं लाकूड न्याहाळू लागले. अध्यक्षांच्या गळ्यापासून लाली वर चढत गेली. “उद्धटपणा!” ते म्हणाले. “हे शिकवता तुम्ही?”

आणि तेव्हा पेन्सिलची आई उठली. तिने हात कोटाच्या खिशात घातले. “साहेब, मी इथे माफीसाठीच आले होते. घरून तयारी करून. पण माझी लेक तुमच्याएवढंच बोलली, शब्दाला शब्द. आता तिने माफी मागायची, तर तुम्हीही मागा, शेजारी उभे राहून. मैदानात. चालेल?”

चालण्यासारखं नव्हतं. बराच वेळ कागद इकडचे तिकडे झाले. लाँड्रीवाल्या काकूंनी जाहीर केलं की नाव काढायला त्यांची संमती नाही आणि हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार आहेत. अखेर अध्यक्ष उठता उठता म्हणाले, “राहू दे मुलगी. पण तो खुर्चीचा खेळ बंद. कायमचा.”

एवढंच. ‘चुकलो’ नाही, ‘ऐकायला हवं होतं’ नाही. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती, त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. ज्यांनी तिला देशद्रोही म्हटलं होतं, ते तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागले होते. जिन्यात पेन्सिलच्या आईने बाईंना गाठलं.

“मला वाटत होतं, तुम्ही माझ्या पोरीची वाट लावलीत.”

“आणि आता?”

“आताही वाटतं,” ती म्हणाली. “पण तिचा आवाज ऐकलात? शेवटी शेवटी काकूंनी कानावरचा हात काढला होता.”

घरी नवऱ्याने ताट वाढता वाढता विचारलं, “काय, अध्यक्षांची बाजू मांडलीस का आधी? नियम आहे तुझा.”

“नाही मांडली. आणि मांडणारही नाही. जेव गुपचूप.”

सकाळी वर्गात खिडकीजवळची जागा रिकामी होती. हात मोडलेली खुर्ची शिपायाने अडगळीच्या खोलीत टाकली होती. फळ्यावर कुणीतरी अध्यक्षांचं चित्र काढलेलं, डोक्यावर मुकुट. बाई आत आल्या तसा वर्ग उसळला. “बाई, तो माणूस ढोंगी आहे!” “बाई, भिंतीवर घटना लावतो आणि!” “बाई, त्याला...”

बाईंनी ऐकलं. त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली त्यांना सही करावीशी वाटत होती. रात्रभर त्यांनी याहून वाईट शब्द मनात घोळवले होते. त्यांनी फडकं घेऊन मुकुट पुसला, चेहरा तसाच ठेवला. मग टेबलामागची आपली, शिक्षकांची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीजवळ नेऊन ठेवली.

पोरं माना वळवून बघू लागली.

बाई त्या खुर्चीत स्वतः बसल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. शिव्या घशापर्यंत आल्या होत्या, त्या आधी खाली उतरायला हव्या होत्या, आणि त्या उतरत नव्हत्या. बाहेर मैदानावर कुठल्यातरी वर्गाची कवायत चालली होती, शिट्टीवर शिट्टी.

“बाई,” मागच्या बाकावरून पेन्सिलचा आवाज आला, अगदी स्पष्ट, पहिल्या बाकापर्यंत पोहोचणारा, “ते स्वतः मान डोलावतील असं सांगा हं.”